पंधरा आण्यांची खोली

विहारामागची अभ्यासिका अखेर पूर्ण झाली. स्नेहलनं स्टुलावर उभं राहून शेवटच्या खिडकीची कडी खाली-वर करून पाहिली, ओढणीला हात पुसले आणि फोनमधली काम मोजायची पट्टी अंगठ्यानं सरकवत शंभरावर नेली. पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडाले. फोननं अभिनंदन केलं. बाहेर एक शेळी शिंकली. समारंभ म्हणून एवढाच झाला, पण झाला.

ही बातमी आता विसरून जावी, कारण दिवस मावळायच्या आत ती खोटी ठरली.

दिवस मावळायच्या आत पिराजी गवंडी, म्हणजे स्नेहलचे वडील, खिशात पेचकस घालून आले. त्यांनी पूर्वेच्या खिडकीचा पल्ला उघडला, मिटला, पुन्हा उघडला, कान लावला. मग बिजागरीचे स्क्रू एकेक करून काढले आणि तोंडात धरले. सुटलेला पल्ला खांद्यावर घेऊन ते बाहेर गेले आणि भिंतीला टेकवून परत आले.

"अप्पा, काय करायलाव?"

पिराजींनी स्क्रू तोंडातून हातावर घेतले.

"पल्ला काढलो."

"ते दिसायलंय. कामून काढला?"

"वाजायलाय."

"वारं आलं की सगळेच पल्ले वाजतेत."

"वारं कुठाय आता?" पिराजी म्हणाले. "वारं नसताना वाजायलाय म्हनूनच तर काढलो."

स्नेहलनं बाहेर जाऊन पल्ल्याला कान लावला. एकट्या पल्ल्यानं कसलाच आवाज केला नाही. ती परत आत आली.

"मग आता किती धरू?"

पिराजींनी छतापासून फरशीपर्यंत नजर फिरवली. ऊस बघायला आलेला व्यापारी फडावरून फिरवतो तशी.

"पंधरा आणे," ते म्हणाले.

स्नेहलनं पट्टी मागं ओढली. चौऱ्याण्णव. पट्टी मागं येताना मात्र पडद्यावर काही उडालं नाही. मागं सरकणाऱ्या कामासाठीसुद्धा थोडे कागद कापून ठेवावेत, हे ॲप काढणाऱ्या कंपनीला सुचलं नसावं.

सीमेपलीकडच्या कन्नड मुलखात मुडबीहून मंठाळकडं जाताना डाव्या हाताला एक पाटी लागते. तिच्यावर गावाचं नाव निम्मंच रंगवलेलं आहे, म्हणून इथंही ते सांगायची गरज नाही. त्या गावात कामं सुरू करण्याची हौस दांडगी. बसथांब्याला खांब आहेत, छत नाही. पाण्याच्या टाकीला शिडी आहे, ती टाकीपर्यंत जात नाही. असल्या गावात एक खोली बांधून पूर्ण करायची असं स्नेहलनं मनावर घेतलं, तेव्हा लोकांनी तिला वेडं ठरवलं नाही. पोरगी शिकलेली आहे, कळेल हळूहळू, असं म्हणून सोडून दिलं.

फोनमध्ये कामांची यादी ठेवायचं ॲप तिला चुलतभावानं, नागेशनं घालून दिलं. नागेश वायरमन होता आणि त्याच्या हातात पेचकसापेक्षा फोन जास्त असायचा. पहिल्या दिवसांत त्या यादीत प्रत्येक कामापुढं नुसती एक चौकट होती. काम झालं की टिचकी मारायची, न झालं की नाही. मधलं काही नाही. भिंती झाल्या, गिलावा एका बाजूनं झाला. फरशी झाली, कोपरा राहिला. दारं आली, कड्या आल्या नाहीत. सगळीच कामं होत आलेली आणि एकही झालेलं नाही. ग्रामसभेत स्नेहलनं फोन वर धरून हिशेब सांगितला: पूर्ण कामं, शून्य.

"शून्य दाखवायला फोन कशाला पायजे," मागून कुणीतरी म्हणालं. "ते तर नुसत्या डोळ्यांनीबी दिसायलंय."

मग तिनं ॲपची पानं उलटीपालटी करून ती सरकती पट्टी शोधून काढली. आता प्रत्येक काम किती झालं ते शेकड्यात मांडता येत होतं आणि सगळ्यात वर एक मोठी पट्टी होती, अख्ख्या खोलीची. गावात अर्धवट कामाला पहिल्यांदाच किंमत आली आणि लोक लगेच भाव वाढवून सांगू लागले.

"लायटीचं नव्वद लाव," नागेश म्हणाला.

"एक तरी बल्ब लागतोय का?"

"बल्ब लागला की शंभरच की. म्हनून तर नव्वद म्हनलो."

दारं-खिडक्यांचं लाकूड देणारे बसवंतप्पा त्याच्याही वर निघाले. बसवण्णांचे भक्त, बाजारात दुकान, पंचायतीत मेंबर. गाव त्यांना अण्णा म्हणायचं. "दारं सांगितलीत सुताराला," ते म्हणाले. "अर्धं काम झालं. पन्नास लाव अव्वा." पोरीबाळींना ते कन्नड वळणानं अव्वाच म्हणत.

"अण्णा, सांगितलं म्हंजी शून्य."

"असं कसं? सांगायलाच तर येळ लागतोय. करायला काय, सुतार करतोय."

शेवटी स्नेहलनं नियम केला. सांगितलं म्हणजे काहीच नाही. आणलं म्हणजे चार आणे. बसवलं म्हणजे बारा. आणि पिराजींनी हात फिरवून मान हलवली की सोळा. आणे तिचे नव्हते, पिराजींचे होते. पिराजींना शेकडा येत होता, पण कामाचा शेकडा त्यांना पटत नव्हता. काम हे निजामाच्या काळापासून आण्यांतच होत आलंय, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा जन्म निजामाचं राज्य गेल्यावर बऱ्याच वर्षांनी झाला होता, पण हे कुणी काढत नसे. ते आणे सांगत, स्नेहल शेकडा करून पट्टी सरकवे. मोठ्या पट्टीवर शेवटचा शब्द गवंड्याचा, हाही नियम तिनंच केला होता. त्याचा तिला आता पश्चात्ताप होत होता.

"तू बस की आत," पल्ला काढल्याच्या दुसऱ्या दिवशी पिराजी म्हणाले. "अभ्यासच करायचाय न्हवं? खुर्ची हाय, लाइट हाय. किल्ली माझ्याकडं हाय तवर कोन नको म्हनतंय?"

"अर्धवट खोलीत?"

"एक आना तर कमी हाय."

"एका आण्यानं कमी म्हंजी अर्धवटच की, अप्पा."

हे तिच्या अंगातच होतं. पानाच्या मध्यात पुस्तक मिटायचं नाही, भाकरीचा शेवटचा तुकडा ताटात ठेवायचा नाही. तलाठ्याच्या जागेची परीक्षा पावसाळ्याच्या तोंडावर होती. त्यात कन्नडचा सक्तीचा पेपर. त्यातच ती मागच्या खेपेला थोडक्यात हुकली होती आणि त्या थोडक्याचाच तिला जास्त राग होता. घर एका खोलीचं. त्यात माय, म्हणजे सुमनबाई, मराठी आणि कन्नड दोन्ही मालिका बघायची. त्यामुळं एका भाषेतल्या सासूचं भांडण मिटलं की दुसऱ्या भाषेतली सासू सुरू व्हायची. कन्नड कानावर पडतं की, असं मायचं म्हणणं. पण तलाठ्याच्या परीक्षेत विष कशात कालवलं ते विचारत नव्हते.

आणि मंठाळकर होते. मंठाळच्या रत्नपालचं स्थळ. मुलगा पुण्यात कंपनीत, स्वभावानं गरीब, बघायला आला तेव्हा बहुतेक वेळ फोनशीच बोलला. पसंती त्याच्या मामांनी कळवली. परीक्षेनंतर बघू, असं स्नेहल म्हणाली होती. त्यावर मामा हसून म्हणाले होते, "परीक्षा काय, लग्नानंतरबी देता येती बाई. आमच्याकडं टेबल हाय." मग पिराजी मामांना घेऊन लिंबाखाली गेले, दोघं काहीतरी बोलले आणि मामा समाधानानं परत गेले. काय बोललाव म्हणून स्नेहलनं विचारलं, तर पिराजी म्हणाले, "बघू म्हनलो." बघू म्हटल्यानं समाधान झालेला मामा तिनं पहिल्यांदाच पाहिला होता.

तिचा स्वतःचा बेत साधा होता. खोली पूर्ण करायची. बसवंतअण्णांनी चारचौघांत शब्द दिला होता की, फोनवर शंभर दिसेल त्या दिवशी किल्ली अभ्यासाला बसणाऱ्या पोरींच्या हातात. किल्ली हातात आली की सकाळी आत जायचं ते संध्याकाळीच बाहेर यायचं, आणि पेपर काढायचा. तलाठी झालेल्या पोरीला कोण टेबल दाखवतो ते मग बघता आलं असतं.

तिनं पल्ला सुताराकडून घासून आणला, स्वतः बसवला, पिराजींना बोलावलं. पिराजींनी पल्ल्याकडं पाहिलंच नाही. ते दारात उभे राहून उंबऱ्याकडं बघत होते.

"ह्यो उंबरा वर आलाय," ते म्हणाले.

"उंबरा वर येत नसतोय, अप्पा. बसवल्या जागी ऱ्हातोय."

"बसवला मी. मला ठाऊक." त्यांनी छिन्नी लावली आणि हातोडी हाणली. नव्या उंबऱ्याचा टवका उडून विहाराच्या भिंतीपर्यंत गेला.

"चौदा," ते म्हणाले.

चौदा आण्यांचे साडेसत्त्याऐंशी होतात आणि ॲप अर्धा शेकडा घेत नाही. स्नेहल बराच वेळ सत्त्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी यांच्यात अंगठा हलवत राहिली. शेवटी तिनं सत्त्याऐंशी लावले, रागानं.

नागेश सायकलच्या कॅरिअरवर बसून शेंगा खात होता.

"तुझं काम उलटं वाढायलंय बघ," तो म्हणाला. "ह्या हिशेबानं दिवाळीपर्यंत पाया उकरायला लागतेत."

"गप बस."

"गपच हाय. अगं, मोठ्या अप्पाचं वय झालंय. हात थांबना गेलाय त्यांचा. असं हुतंय गवंड्यांना. माझ्या सासऱ्याच्या गावात एकानं घर बांधलं आन् आत स्वतःच अडकला. दारच ठेवलं न्हवतं."

"तुझं लगीन झालंय का?"

"न्हाई."

"मग सासरा कुठला?"

नागेशनं एक शेंग फोडली. "गाव तर हाय," तो म्हणाला.

स्नेहल हसली नाही. तिला वडलांचं वय होताना दिसत नव्हतं. गेल्याच आठवड्यात त्यांनी शेजारच्या गावात जिना बांधून दिला होता आणि त्याच्या पायऱ्या इतक्या सारख्या होत्या की पोरं त्यावरून डोळे मिटून पळत होती. तो हात एका उंबऱ्यात चुकेल हे तिच्या हिशेबात बसत नव्हतं. हिशेबात बसत नाही ती गोष्ट करूनच टाकायची, हा तिचा नेहमीचा उपाय.

तिनं घमेलं आणलं, अर्धी पाटी सिमेंट आणलं, वाळू चाळली. पिराजी परगावच्या कामावर गेलेले. लहानपणापासून ती त्यांना माल कालवताना बघत आली होती. हातानं मात्र पहिल्यांदाच कालवत होती. पहिला माल पातळ झाला, दुसरा हातातच आवळला, तिसरा थापीवर बसला. पातळी बघायला नागेशला तिनं पाण्याच्या नळीचं एक टोक धरायला लावलं. तो धरताना फोन बघत होता म्हणून पाणी खाली-वर झालं, तेव्हा तिनं फोन काढून स्वतःच्या पिशवीत टाकला. उंबरा दोन्ही टोकांना एका रेषेत आला. वरून थापी फिरवताना तिचं मनगट नकळत पिराजींच्या मनगटासारखं वळलं. मग तीन दिवस तिनं उंबऱ्यावर ओलं पोतं ठेवलं आणि विहारात येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाच तो ओलांडू दिला नाही. एकदा खुद्द बसवंतअण्णांनाही नाही.

पिराजी आले तेव्हा ती दारातच उभी होती. त्यांनी चपला काढल्या, उकिडवे बसले, उंबऱ्यावरून तळहात फिरवला. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग अंगठ्यानं कड चाचपली.

"कोन केलं?"

"मी."

पिराजींचा हात उंबऱ्यावरच राहिला, वासरावर राहतो तसा.

"खोट काढा की," स्नेहल म्हणाली.

त्यांनी मान हलवली नाही. पण खोटही काढली नाही. नियमात दोहोंच्या मधलं काही नव्हतं, तेव्हा स्नेहलनं पट्टी शंभरावर नेली. कागद उडाले. नागेशनं त्याचा फोटो काढून आपल्या फोनवर सगळ्यांना दिसेल असा लावला आणि खाली लिहिलं: झालं एकदाचं.

तो फोटो मंठाळपर्यंत जायला फार वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेहलनं पिराजींची हत्यारं धुतली. ओळंबा, रंधा, थापी. काम संपलंय म्हणून तिला हौस आली होती. थापी तिनं राखेनं घासली, तिच्यात तोंड दिसेपर्यंत, आणि अभ्यासिकेच्या कोपऱ्यात भिंतीला उभी करून ठेवली. ती झाडत होती तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. मंठाळचे मामा. त्यांच्या मागोमाग बसवंतअण्णा चालत आले, हातात नवंकोरं कुलूप.

"जयभीम, पिराजीराव."

"जयभीम. या, बसा."

खुर्च्या अभ्यासिकेतच होत्या, तेव्हा पाहुणे तिथंच बसले. पिराजी मात्र अजून बाहेर, उरलेल्या सिमेंटच्या घमेल्यापाशी होते. स्नेहल चहा आणायला घरी गेली. ती ताट घेऊन परत आली तेव्हा बोलणं सुरू झालेलं होतं आणि ती दाराबाहेरच थांबली, कारण बसवंतअण्णा तिचंच नाव घेत होते.

"पोरगी वाघीण हाय. तिनं केलं, खोटं न्हाई. पन माझं ऐका. वरून निरोप आलाय. साहेबांच्या हातानं रिबीन कापल्याबिगर उघडायचं न्हाई. तवर कुलूप माझं."

"तारीख कवा?" पिराजींनी विचारलं.

"मागितलीय. समुदाय भवनाचीबी मागितलीय."

समुदाय भवन बांधून झालं तेव्हा स्नेहल शाळेत होती. त्याच्या दारावरची रिबीन उन्हानं पांढरी झाली होती. गावातली लहान पोरं तिला दाराचाच भाग समजत.

"बरं झालं, तारखेचाच इषय निघाला," मामा म्हणाले. "आमचीबी एक तारीख हाय की. पिराजीराव, लिंबाखाली तुमी काय म्हनलाव? खोलीचं काम सोळा आणे झालं की दुसऱ्या दिवशी तारीख काढू. मी म्हनलो, बरं. गवंड्याचा शब्द हाय. आता फोनवर शंभर बघितलो आन् गाडीला किक मारली."

स्नेहल ताट घेऊन दाराच्या आणखी जवळ सरकली.

तिला लिंब आठवला, आणि समाधानानं परत जाणारा मामा. ह्या गावात पाटीसुद्धा निम्मी रंगते. असल्या गावातल्या कामावर वडलांनी तारीख टांगली होती, जिथं कुणाचा हात पोचणार नाही. हात कुणाचा पोचला, तर तिचा. वाळू चाळून, नळी धरून, पोतं ओलं करून.

आत पिराजी खाली बघत होते. शब्द त्यांनी दिला होता आणि दिलेला शब्द खोटा पाडायची त्यांना सवय नव्हती. सवय होती ती काम मागं आणायची, आणि तीही अलीकडचीच.

"काम झालेलं न्हाई," ते म्हणाले.

"आता काय राहिलं?" मामा हसले. "पल्ला का उंबरा? नागेशनं सांगितलंय मला सगळं."

"पल्ला बरा हाय. उंबरा तर माझ्यापेक्षा बरा झालाय." पिराजी थांबले. "टॉवेल-टोपी राहिलीय."

मामांनी खुर्ची पुढं ओढली.

"मालकाकडून टॉवेल-टोपी आल्याबिगर गवंडी काम सोडत न्हाई. ती आली की थापी धुवायची. थापी धुतली म्हंजी काम झालं. त्याच्या आदी न्हाई. माझ्या बापाचं असंच, त्याच्या बापाचं असंच."

"हौदु," बसवंतअण्णा म्हणाले. कन्नडात होकार त्यांच्या तोंडून आपोआप निघे. "ते खरं हाय. माझ्या घराच्या येळी मी दिलो की. ह्येच पिराजी हुता."

"थापी तर धुतल्यागत असंल," मामा म्हणाले आणि उठून कोपऱ्याकडं वळले.

स्नेहलही तोवर आत आली होती. तिचीही नजर कोपऱ्याकडं गेली. तिनं सकाळी राखेनं घासलेली थापी तिथंच भिंतीला उभी होती आणि तिच्यावर बोटभर ओला माल होता. खालची फरशी थेंबभर ओली झालेली. कोपऱ्यालगत बसलेल्या पिराजींनी सिमेंट लागलेला उजवा हात मांडीखाली घेतला.

मामांनी थापी पाहिली, मग स्नेहलकडं पाहिलं. "बाई, काम चालू हाय व्हय अजून?"

स्नेहलनं ताट खुर्चीवर ठेवलं. पदार्थात मीठ विसरलेल्या बाईसारखा चेहरा करायचा तिनं प्रयत्न केला. तो कितपत जमला कोण जाणे.

"व्हय मामा," ती म्हणाली. "चुकलंच माझं. यादीत घ्यायचं राहिलं."

तिनं फोन काढला आणि उभ्या उभ्या नवीन काम लिहिलं: गवंड्याची टॉवेल-टोपी. मग वडलांकडं न बघता विचारलं,

"अप्पा, किती धरू?"

"पंधरा आणे," पिराजी म्हणाले.

पट्टी मागं आली. मामांनी घड्याळात पाहिलं आणि खिशाला हात घातला.

"एवढंच न्हवं का? मी आनतो. चौकातच दुकान हाय. आत्ता जातो, आत्ता येतो."

"तुमी मालक हाव का?" पिराजींनी विचारलं.

"न्हाई."

"मग तुमच्या हातनं मी कशी घिऊ?"

"मग मालक कोन?"

हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता. सगळे बसवंतअण्णांकडं बघू लागले.

"जागा विहाराची," बसवंतअण्णा बोटं मोजत म्हणाले. "पैसा पंचायतीचा. लाकूड माझं, पन ते मी दान दिलो, म्हंजी माझं न्हाई. पंचायतीचा मालक गाव. आन् गाव म्हंजी..." ते थांबले. गाव म्हणजे कोण हे त्यांना मेंबर असूनही सांगता येईना. "ह्येचा ठराव लागंल. आदी अर्ज, मग ठराव."

"अर्ज कोन करतंय?" मामा म्हणाले.

"मी," स्नेहल म्हणाली. "कन्नडात करते, अण्णा. तेवढाच सराव हुतोय."

बसवंतअण्णांनी हातातलं कुलूप उलटंसुलटं करून बघितलं. काम चालू असेपर्यंत किल्ली गवंड्याकडं, हा पंचायतीचा रिवाज त्यांनीच पाडलेला. तो मोडायची त्यांना हिंमत नव्हती, किंवा गरज वाटली नाही. त्यांनी कुलूप सदऱ्याच्या खिशात टाकलं. खिसा खाली ओघळला. चहा प्यायला, बरा झालाय म्हणाले.

मामांनीही चहा प्यायला. जाताना गाडीवर बसून ते म्हणाले, "टोपी आली की कळवा बरं का."

"लगीच," पिराजी म्हणाले.

गाडी पाटीपर्यंत गेल्यावर पिराजी आत आले. कोपऱ्यातली थापी त्यांनी उचलली आणि मालाचा गोळा पंज्यानं पुसून घेतला. पुसला, धुतला नाही. मग त्यांनी एक खुर्ची पूर्वेच्या खिडकीपाशी ओढली, तिचा डुगडुगणारा पाय तपासला आणि त्याखाली सुक्या मालाची चकतीएवढी खपली सरकवली.

"हितं उजेड येतोय," ते म्हणाले आणि किल्ली खिडकीत ठेवून बाहेर पडले.

स्नेहल त्या खुर्चीत बसली. कन्नडची वही उघडली. मध्यावरचं पान होतं, मागच्या खेपेला अर्धवट सोडलेलं. तिनं ते तसंच राहू दिलं, नवीन पान घेतलं आणि ओळीत एकही खाडाखोड न करता लिहिलं. मराठीत त्याचा अर्थ असा होतो:

प्रति, मा. अध्यक्ष, ग्रामपंचायत.

विषय: एक टॉवेल व एक टोपी मिळणेबाबत.

महोदय, विहारामागील अभ्यासिकेचे काम गवंडी श्री. पिराजी यांनी चांगल्या रीतीने केले असून, मालकाकडून टॉवेल-टोपी न मिळाल्यामुळे ते अद्याप अपूर्ण आहे. तरी सदर खोलीचा मालक कोण हे प्रथम ठरवण्यात यावे. ठरलेल्या मालकास तसे लेखी कळवून त्याची संमती घेण्यात यावी. आणि सर्व सभासदांच्या उपस्थितीत, कोणाचीही हरकत नसताना, त्याच्या हस्ते एक पांढरा टॉवेल व डोक्याच्या मापाची एक टोपी देण्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडण्यास वरिष्ठ कार्यालयाची मंजुरी मिळवण्यात यावी. मंजुरी येईपर्यंत काम चालू असल्याचे समजून किल्ली गवंड्याकडे राहू देण्यात यावी, ही नम्र विनंती.